शर्यतवेड्या मुलाने नॉर्थ कॅरोलिनात राहावं कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशी जाणाऱ्यांसाठी सल्ल्याचं सदर असतं, त्यात अलीकडे सांगलीच्या एका आईचं पत्र आलं होतं. मुलाला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात नोकरी लागली आहे, कंपनी म्हणते शार्लट किंवा रॅली, कुठलंही ऑफिस घे. पोरगा मोटारींच्या शर्यतींचा वेडा. तर त्याने राहायचं कुठे? सदरलेखकांनी उत्तर दोन ओळींत उरकलं. आपली माणसं, देऊळ आणि चांगल्या शाळा हव्यात तर रॅलीजवळचं केरी. शर्यतींचा नाद असेल तर शार्लट मोटर स्पीडवेच्या जवळ घर. बिनलग्नाच्या मुलाला शाळांचं कौतुक सांगून काय उपयोग, ते सोडून देऊ. पण दुसरी ओळ त्याने मनावर घेतली तर वर्षाच्या आत तो आईला फोन करून विचारेल, की इथे शर्यती होतात तरी कधी? म्हणून हे पत्र.

मी कोल्हापूरची. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं, त्यामुळे उघडलेलं इंजिन बघायला मला जेवढं आवडतं तेवढं पळणारंही आवडत नाही. शार्लटमधल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करते आणि बरीच वर्षं कनॅपोलिसला राहते. नवरा पुण्याचा. तो शर्यतीला येतो, पुस्तक उघडतो आणि शेवटपर्यंत कानातले बोळे काढत नाही.

मोठ्या ट्रॅकचं आधी सांगते. शार्लट मोटर स्पीडवे नावाने शार्लटचा असला तरी आहे कॉन्कॉर्ड गावात, शार्लटच्या ईशान्येला. दीड मैलाचा ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक, १९६० सालचा. खोदताना ग्रॅनाइट लागला, खर्च हाताबाहेर गेला, डांबर घाईघाईत पडलं आणि १९ जून १९६० च्या पहिल्या सहाशे मैलांच्या शर्यतीत रस्त्याचे तुकडे उखडून गाड्यांवर आदळत होते. गंमत म्हणजे नॅसकारच्या, म्हणजे इथल्या मोटारशर्यती भरवणाऱ्या मोठ्या संस्थेच्या, मुख्य मालिकेची सगळ्यात पहिली शर्यतही १९ जूनलाच झाली होती, १९४९ साली, शार्लटच्याच एका मातीच्या ट्रॅकवर. पहिला आलेला ग्लेन डनवे तपासणीत बाद झाला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर चोरटी दारू वाहणाऱ्यांची करामत केलेली होती. त्या शर्यतीत सॅरा ख्रिश्चन ही बाईही गाडी चालवत होती. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘मिस्टरांना आवड आहे वाटतं?’ असं मला अजून आपलेच लोक विचारतात.

तर या ट्रॅकवर मुख्य मालिका येते ती मेअखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात. मेची शर्यत बघण्यासारखीच असते: सहाशे मैल म्हणजे ९६५ किलोमीटर, ४०० फेऱ्या, सुरुवात उन्हं कलताना आणि शेवट रात्री. ऊन उतरलं की ट्रॅक थंड होतो, गाडीची पकड बदलते, आणि दुपारी पळणारी गाडी रात्री अडखळायला लागते. ते बघायला जरूर जावं. पण त्यासाठी शेजारी घर कशाला? त्या वीकेंडला आय-८५ हायवेवरून घरी पोचणं शेजाऱ्यांनाच सगळ्यात अवघड जातं. एरवी तिथे जुन्या गाड्यांचे बाजार भरतात, डिसेंबरात रोषणाई बघायला मोटारींची रांग लागते. जून-जुलैत मात्र मुख्य स्टँडसमोरच्या पाव मैलाच्या छोट्या ओव्हलवर आठवड्याच्या मधल्या वारी लेजेंड्स गाड्यांच्या शर्यती होतात. जुन्या अमेरिकन कूपेची लहान आवृत्ती, आत यमाहा मोटरसायकलचं इंजिन. ही गाडी जन्मली इथेच, १९९२ साली. तेवढ्या संध्याकाळी मोठा ट्रॅकही आपलासा वाटतो.

आवाजाचीही गोष्ट सांगते, घर घेणाऱ्याने ती ऐकलेली बरी. २००७ साली स्पीडवेच्या मालकांनी, ब्रूटन स्मिथ यांनी, शेजारी ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेत सुसाट पळण्याच्या शर्यतीची पट्टी, बांधायला घेतली. आसपासच्या वस्त्यांनी आरडाओरडा केला, नगर परिषदेने ठराव करून काम अडवलं. स्मिथ म्हणाले, ठीक आहे, मग अख्खा स्पीडवेच उचलून दुसरीकडे नेतो. दोन महिन्यांच्या आत गाव आणि काउंटी ८ कोटी डॉलरच्या सवलती घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली, वर स्पीडवेपाशी जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं. २००८ मध्ये ड्रॅग स्ट्रिप सुरू झाली, चार गाड्या एका वेळी सोडणारी. टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गातल्या चार गाड्या एकदम सुटतात तेव्हा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. शेजारच्या हॅरिसबर्गमध्ये आता आपली कुटुंबं बरीच आली आहेत, नवी घरं छान आहेत. पण नंतर तक्रार करायची असेल तर तिथे घेऊ नये. गाव कोणाच्या बाजूने उभं राहतं ते एकदा दिसलेलं आहे.

आता माझं म्हणणं. शर्यतींच्या नादाने राहायचं ठिकाण निवडताना वर्षातल्या दोन मोठ्या रविवारांकडे बघू नये. बाकीचे शनिवार आणि कामाचे पाच दिवस बघावेत. आणि तसं बघितलं तर नकाशावर बोट पडतं ते शार्लटच्या उत्तरेला, कनॅपोलिस आणि मूर्सव्हिल यांच्यामध्ये.

कामाच्या दिवसांचं कारण असं, की नॅसकारचे बहुतेक सगळे संघ याच पट्ट्यात आहेत. हेन्ड्रिक कॉन्कॉर्डला, स्पीडवेच्या अगदी जवळ. जो गिब्ज हंटर्सव्हिलला, पेन्स्की मूर्सव्हिलला. मायकल जॉर्डनच्या भागीदारीतला २३इलेव्हन हंटर्सव्हिलला. वाऱ्याचा दाब तपासायचं विंडशीअर नावाचं टनेल कॉन्कॉर्डला आहे, तिथे गाडीखाली पोलादी पट्टा ताशी १८० मैलांनी फिरतो आणि गाडी जागच्या जागी पळते. फॉर्म्युला वनच्या हास संघाचं अमेरिकेतलं ठाणं माझ्याच गावात आहे. काही संघांच्या कारखान्यात पाहुण्यांना वरून किंवा काचेपलीकडून काम बघता येतं, पण बहुतेक ठिकाणी कामाच्याच दिवशी. केरीहून शनिवारी सकाळी निघालेला माणूस बंद दार बघून परत जातो; मूर्सव्हिलमध्ये राहणारा जेवणाच्या सुटीत जाऊन येतो. २०२२ पासून गाडीचे बरेच भाग सगळ्या संघांना ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात, त्यामुळे पत्रा ठोकून गाडी घडवणाऱ्या जुन्या कारागिरांची कामं कमी झाली. ते लोक गाव सोडून गेले नाहीत. कुणी जुन्या गाड्या दुरुस्त करतं, कुणी शनिवारच्या ट्रॅकसाठी चासी बांधतं. इथल्या पार्टच्या दुकानात रांगेत पुढे उभा असलेला माणूस वाल्व्ह स्प्रिंगबद्दल जे बोलतो ते यूट्यूबवर मिळत नाही.

या पट्ट्यातून जो रस्ता जातो त्याचा नंबर ३. आधी तो १३६ होता. नॅसकारचा गाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत अपघातात गेला, त्यानंतर राज्याने २००२ मध्ये रस्त्याचा नंबर बदलून त्याच्या गाडीचा केला. अर्नहार्ट कनॅपोलिसचा. त्याचे वडील राल्फही मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवायचे. गाव कॅनन मिलचं, टॉवेल-चादरींचं. २००३ मध्ये गिरणी बंद पडली तेव्हा हजारो लोक एका दिवसात घरी बसले; राज्याने एका फटक्यात एवढ्या नोकऱ्या जाताना कधी पाहिल्या नव्हत्या. इचलकरंजी किंवा गिरणगाव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे गाव समजावून सांगावं लागत नाही. घरं त्यामुळेच इथे अजून जरा आवाक्यात आहेत. मूर्सव्हिलला लेक नॉर्मनचा काठ आहे, ड्रायव्हर तिथे राहतात, आणि पाण्याच्या जवळ गेलं की किमती आपल्या राहत नाहीत. शिवाय तिथून शार्लटला जायचं म्हणजे आय-७७, त्याबद्दल सकाळी आठ वाजता कुणाला काही विचारू नये. कनॅपोलिसला निदान रेल्वे स्टेशन आहे. पीडमाँट गाडी शार्लटहून निघते ती इथे थांबून पुढे केरी आणि रॅलीला जाते, त्यामुळे केरीच्या व्यंकटेश्वराच्या देवळातही गाडीत बसून जाता येतं. तशी शार्लटलाही देवळं आहेत, गणपती आहे, मराठी मंडळी आहेत. सांगलीच्या ताईंनी त्याची काळजी करू नये.

आता शनिवार. त्यासाठी तासभर गाडी हाणून विन्स्टन-सेलमला जायचं, बोमन ग्रे स्टेडियमला. हे मुळात फुटबॉलचं मैदान, नगरपालिकेच्या मालकीचं. मैदानाभोवती धावपट्टी असावी तिथे पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक. १९४९ पासून नॅसकारच्या शर्यती इथे होतात, उन्हाळाभर दर शनिवारी रात्री. वळणाला उतार नाही, ओव्हरटेक करायला जागा नाही, म्हणजे पुढच्याला धक्का दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि धक्का दिला की तो पुढच्या शनिवारी परत मिळतो. हजारो माणसं उतरत्या पायऱ्यांवर गोल बसून खाली बघत असतात, आजोबांपासून नातवापर्यंत, आणि कुणाचा ड्रायव्हर कोण हे घराण्यात ठरलेलं असतं. खासबागेत कुस्ती बघितलेल्या माणसाला तिथे पाच मिनिटांत घरी आल्यासारखं वाटतं. मला वाटलं.

मुख्य शर्यत असते मॉडिफाइड गाड्यांची, चाकं उघडी, बुटक्या, रुंद. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स ही तिथली दोन मोठी नावं. एकाच्या नावाने टाळ्या वाजल्या की दुसऱ्याच्या नावाने बूऽऽ होणार हे ठरलेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅसकारने आपली हंगामापूर्वीची क्लॅश ही मोठी शर्यत या चिमुकल्या ट्रॅकवर आणली, तेव्हा हे दोघेही मुख्य मालिकेच्या गाड्यांत बसून पात्रतेसाठी उतरले. ब्राउन तर आठवडाभर एका नॅसकार संघाच्या कारखान्यात काम करणारा माणूस. आठवड्याचे दिवस आणि शनिवार मी एकत्र मोजते ते यासाठी. कारखान्यातले हात आणि शनिवारच्या ट्रॅकवरचे हात इथे एकच असतात. हे ज्याला बघायचं आहे त्याने दोन्हींच्या मध्ये कुठेतरी राहावं. जाता-येता वेलकम नावाचं गाव लागतं, अर्नहार्टने ज्यांच्यासाठी गाडी चालवली त्या रिचर्ड चिल्ड्रेस यांचा संघ तिथे आहे, संग्रहालयासकट.

बाकीचं भरभर सांगते. हिकरीचा ट्रॅक १९५१ चा, साधारण सहाशे मीटरचा, तिथेही शनिवारी. नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक डोंगराच्या पायथ्याशी, दारू वाहणाऱ्यांच्या मुलखात. त्या धंद्यात तुरुंगवास भोगून पुढे ५० शर्यती जिंकणारा ज्युनियर जॉन्सन याच काउंटीचा. १९९६ नंतर तो ट्रॅक ओस पडला, झाडं उगवली. राज्य सरकारने करोनाकाळातल्या केंद्रीय निधीतून १ कोटी ८० लाख डॉलर दिले, २०२२ मध्ये शर्यती परत सुरू झाल्या आणि २०२३ ला नॅसकारचीच ऑल-स्टार शर्यत तिथे आली. मूर्सव्हिलहून हे दोन्ही तासाभराच्या अंतरात. रॉकिंगहॅमच्या ट्रॅकवरही २०२५ मध्ये नॅसकार परतली. शेजारच्या राज्यांतली मार्टिन्सव्हिल आणि डार्लिंग्टन ही शर्यतींची ठिकाणंही सकाळी जाऊन रात्री घरी येण्यासारखी आहेत.

केरीवर मात्र अन्याय नको. मुलाचा जीव ओव्हलमध्ये नसेल, डावी-उजवी वळणं, चढउतार, स्पोर्ट्स कार, असलं काही त्याला आवडत असेल तर माझा सल्ला त्याने फाडून टाकावा. नॉर्थ कॅरोलिनाची हद्द ओलांडली की लगेच व्हर्जिनियात व्हीआयआर (व्हर्जिनिया इंटरनॅशनल रेसवे) हा सव्वातीन मैलांचा रोड कोर्स आहे, १९५७ सालचा, मध्ये पंचवीसेक वर्षं बंद राहून २००० मध्ये उघडलेला. झाडीतून, टेकड्यांवरून जाणारा इतका सुंदर ट्रॅक मी दुसरा पाहिलेला नाही. केरी-डरहॅमकडून तो शार्लटपेक्षा बराच जवळ पडतो. तिथे हौशी लोकांना स्वतःची गाडी घेऊन उतरता येतं. शिवाय केरीहून पाऊण तासावर हिल्सबरोला ओकनीची स्पीडवे आहे, नॅसकारच्या १९४९ च्या पहिल्याच हंगामातला जवळजवळ मैलाचा मातीचा ट्रॅक. १९६८ मध्ये बंद झाला, आता तिथे झाडीतून चालायची वाट आहे, आणि चालताना वळणाचा बांध पायाखाली कळतो.

ॲशव्हिल आणि डोंगराळ भाग सुंदर, पण तिथला जुना स्पीडवे १९९९ ला बंद झाला आणि त्यावर पुढे सायकलींचा ट्रॅक झाला. मोटरसायकलवाल्यांसाठी पश्चिम टोकाला टेनेसीच्या हद्दीवर ११ मैलांत ३१८ वळणांचा रस्ता आहे. त्यासाठी तिथे राहायला जायची गरज नाही, आणि आईने तर तो विषयच काढू नये.

घर बघताना एक गोष्ट दलालही आपणहून सांगत नाहीत. नव्या वस्त्यांमध्ये एचओए असते, म्हणजे आपल्या सोसायटीची कमिटी, पण नोटिसा पाठवण्यात जास्त तत्पर. दारात ट्रेलर उभा करायचा नाही, ड्राइव्हवेवर बॉनेट उघडून काम करायचं नाही, गाडी जॅकवर ठेवून झोपायला गेलात तर दंड. नुसतं बघायचं असेल तर चालेल. पण मुलाला कार्ट घ्यायची असेल, एखादी जुनी गाडी खोलायची असेल, आणि शर्यतवेड्याला ती कधीतरी घ्यावीशी वाटतेच, तर एचओए नसलेलं जुनं घर बघावं. कनॅपोलिसमधली गिरणी कामगारांची जुनी घरं लहान आहेत, पण अनेकांच्या मागे शेड आहे. आमच्याही आहे. नवरा तिला माझं माहेर म्हणतो.

आणखी एक प्रश्न, जो त्या ताईंनी विचारला नाही पण मनात असणारच. त्या गर्दीत आपल्या रंगाच्या माणसाला कसं वाटतं? खरं सांगते. सुरुवातीला मान अवघडते. शर्यतीआधी येशूच्या नावाने प्रार्थना होते, मग राष्ट्रगीत, मग इंजिनं. अमेरिकेच्या यादवीत गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या बंडाचा झेंडा पूर्वी पार्किंगमध्ये सर्रास दिसायचा. नॅसकारने जून २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. ती मागणी उघडपणे करणारा ड्रायव्हर बब्बा वॉलेस कॉन्कॉर्डमध्येच वाढलेला. खेड्यातल्या रस्त्यांवर कुणाच्या अंगणात तो झेंडा अजून दिसतो, नाही असं नाही. पण स्टँडमध्ये बसल्यावर मला जो पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्ही कुठल्या देशाच्या’ हा नसतो. ‘तुझा ड्रायव्हर कोण?’ हा असतो. उत्तर तयार ठेवावं. ‘कुणी नाही, सहज बघायला आलोय’ म्हणणाऱ्याकडे लोक फार संशयाने बघतात.

जी मुलं इकडे शिकायला येणार आहेत त्यांच्यासाठी एक ओळ. आपल्याकडे बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवण्यात रात्री घालवलेली पोरं पुण्या-सांगलीच्या कॉलेजांत भरपूर आहेत. शार्लटच्या सरकारी विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकवतात, त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आहे, आणि विद्यापीठ स्पीडवेपासून जवळच आहे.

तेव्हा सांगलीच्या ताईंना माझा निरोप असा. ऑफिस शार्लटचं घ्यायला सांगा. आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष जावं लागेल ते आधी विचारून घ्यावं. रोज जायचं असेल तर कनॅपोलिस, एक-दोन दिवसच असेल तर मूर्सव्हिल. लगेच विकत घेऊ नये, मार्चपासून वर्षभर भाड्याने राहावं, म्हणजे एप्रिलपासूनचा शनिवारचा हंगाम पूर्ण मिळतो आणि आवड किती खरी तेही कळतं. कानात घालायचे बोळे इथे कुठेही मिळतात, ते बॅगेत भरू नका. ती जागा सांगलीच्या भडंगाला द्या. बोमन ग्रेच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसणारं एक आजी-आजोबांचं जोडपं माझ्यामुळे आता भडंगाच्या नादी लागलं आहे, आणि मला ते पुरवणं होत नाही.

आपली विश्वासू,
एक कोल्हापूरकर वाचक
कनॅपोलिस, नॉर्थ कॅरोलिना